हातात धरायचा गेमिंग संगणक: वॅट, बॅटरी आणि सॉफ्टवेअर यांचा इतिहास

मी लखनौमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक रचना हा विषय शिकवतो. वर्गात शिकवणे हिंदी-इंग्रजीत चालते. हे टिपण मात्र मराठीत लिहितो आहे, कारण ज्या प्रश्नातून ते तयार झाले तो प्रश्न नागपूर-नाशिकच्या विद्यार्थ्यालाही तितकाच पडतो.

तिसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी एकदा तास संपल्यावर थांबला. वहीत त्याने तक्ता आखला होता, वर तीन-चार हँडहेल्ड गेमिंग संगणकांची नावे होती. "सर, इनमें से कौन सा लें?" त्याच्याकडे सत्तर हजार रुपये होते. त्यातले काही दोन वर्षे शिकवण्या घेऊन जमवलेले, बाकीचे वडिलांनी दिलेले. घरचा डेस्कटॉप बंद पडत आला होता. म्हणजे जे घेईल त्यावरच खेळायचे आणि त्यावरच शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही करायचा. निवड चुकली तर दुसरे यंत्र घ्यायला पैसे नव्हते.

तक्त्यात कोअर किती, टेराफ्लॉप किती, पडदा किती हर्ट्झचा, सगळे होते. दोन रकाने तेवढे नव्हते: यंत्र वीज किती खाते, आणि त्याचे सॉफ्टवेअर कोण सांभाळतो. या यंत्रांचा गेल्या पस्तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर बहुतेक हार-जीत या न आखलेल्या दोन रकान्यांतच झालेली दिसते. म्हणून त्याला मी उत्तर देण्याआधी इतिहास सांगितला. तोच इथे थोडा विस्ताराने मांडतो.

चार सेल आणि सहा सेल

सुरुवात संगणकापासून नव्हे, खेळण्यापासून करावी लागते. जपानमधल्या निन्टेन्डो कंपनीत गुनपेई योकोई नावाचे अभियंते होते. कंपनी तेव्हा पत्ते आणि खेळणी बनवत असे आणि योकोई यांची नेमणूक पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी झाली होती. रेल्वेच्या प्रवासात एक कंटाळलेला माणूस खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला आणि त्यातून १९८० सालचा 'गेम अँड वॉच' सुचला, असे सांगतात. कॅल्क्युलेटरसाठी बनणारे पडदे आणि चिप तेव्हा स्वस्त झाल्या होत्या, त्याच त्यांनी वापरल्या. योकोई यांचा विचार असा होता की नवे कोरे तंत्र घेण्यापेक्षा मुरलेले, स्वस्त झालेले, ज्याच्या खोडी माहीत आहेत असे तंत्र घ्यावे आणि ते वेगळ्या ठिकाणी वापरावे.

१९८९ च्या एप्रिलमध्ये 'गेम बॉय' आला तो याच विचारातून. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग नाहीत, हिरवट करड्या चार छटा, मागून प्रकाश नाही. प्रोसेसर सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झचा, मुख्य मेमरी ८ किलोबाइट. त्याच वर्षी अटारीचा 'लिंक्स' आला: रंगीत, उजळ पडद्याचा. १९९० मध्ये सेगाचा 'गेम गिअर' आला, तोही रंगीत आणि उजळ. दुकानात तिन्ही शेजारी ठेवले तर गेम बॉय अगदीच गरीब दिसत असे. पण लिंक्स आणि गेम गिअर यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉयला चार सेल लागत आणि ते पंधरा तास, कधी त्याहूनही जास्त चालत.

हिशेब करून पाहा. एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण पावणेचार वॅट-तास ऊर्जा धरली, तर चार सेलांत १५ वॅट-तास. गेम बॉय एक वॅटही खात नव्हता. गेम गिअरचा पडद्यामागचा दिवाच मोठा वाटा खाऊन टाकी. गाडीच्या मागच्या सीटवर बसलेल्या मुलाच्या दृष्टीने रंगीत पण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा करडे पण चालू यंत्र बरे. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेले. गेम गिअर कोटीच्या आसपास थांबला.

आपल्याकडे यातले फारच थोडे पोचले. माझ्या पिढीने पाहिला तो ब्रिक गेम: जत्रेत, रेल्वे स्टेशनबाहेर, अमीनाबादसारख्या बाजारांत मिळणारा, डब्यावर '९९९९ इन १' छापलेला, आणि उघडल्यावर पाच-सहाच खेळ निघणारा. आकड्यांवर विश्वास ठेवू नये हे मला पहिल्यांदा त्याने शिकवले.

संगणक खिशात आला, पण खेळायला नाही

दुसरीकडे खऱ्या संगणकाला लहान करण्याचे प्रयत्न चालू होते. १९९१ मध्ये एचपीने '९५ एलएक्स' काढला. हा खिशात मावणारा, डॉस चालवणारा संगणक होता, आत लोटस १-२-३ बसवलेले आणि चालायला फक्त दोन पेन्सिल सेल. १९९४ च्या '२०० एलएक्स' वर लोक डॉसचे जुने खेळही खेळत. १९९६ मध्ये तोशिबाने विंडोज ९५ चालवणारा 'लिब्रेटो' काढला, वजन ८४० ग्रॅम. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'ओरिगामी' या नावाने सात इंची पडद्याचे संगणक पुढे आणले. सॅमसंगचा 'क्यू१' त्यातलाच. या शेवटच्या यंत्रांत सगळ्याच अडचणी एकदम दिसतात: डेस्कटॉपसाठी घडवलेली विंडोज, बोटाने नीट न दाबता येणारी बटणे, तीन तासांच्या आसपासची बॅटरी आणि लॅपटॉपएवढी किंमत. ती चालली नाहीत याचे आश्चर्य वाटू नये.

भारतात याच काळात एक वेगळा प्रयत्न झाला आणि त्यावर जरा थांबायला हवे, कारण आपल्या अभ्यासक्रमात तो कुठेच येत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, व्ही. विनय, रमेश हरिहरन आणि त्यांच्याबरोबर एन्कोर कंपनीतले अभियंते यांनी १९९८-९९ मध्ये 'सिंप्युटर' ची कल्पना मांडली. सामान्य माणसाला परवडणारा, लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषा बोलून दाखवणारा हातसंगणक अशी ती कल्पना. २००१ मध्ये नमुना लोकांसमोर आला. २००४ च्या मार्चमध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने 'अमिडा सिंप्युटर' बाजारात आला. आत २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर होता. यंत्र हातात तिरके केले की ते ओळखणारा संवेदकही त्यात होता, आणि त्यावर गोटी घरंगळवण्यासारखे खेळ खेळता येत. आयफोन यायला तेव्हा तीन वर्षे बाकी होती.

विक्री मात्र काही हजारांपुढे गेली नाही. दहा ते वीस हजारांच्या दरम्यानची किंमत ज्यांच्यासाठी यंत्र होते त्यांना झेपणारी नव्हती, आणि ज्यांना झेपत होती त्यांना त्यावर चालवायला पुरेशी प्रोग्रॅमांची मांदियाळी नव्हती. हार्डवेअर म्हणून सिंप्युटर काळाच्या पुढे होता असे माझे मत आहे. पण दुकानात गिऱ्हाईक विचारतो, "यावर काय काय चालतं?" आणि तिथे उत्तर तोकडे पडले.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये 'आकाश' टॅब्लेट आला तेव्हा उलटी चूक झाली. किंमत अत्यंत कमी ठेवली आणि यंत्र त्या किमतीत बसवले: ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी, दाबल्यावरच ओळखणारा पडदा. सॉफ्टवेअर अँड्रॉइडचे, म्हणजे भरपूर. पण ते ओढायला यंत्रात बळ नव्हते. पुढच्या वर्षी 'आकाश-२' आला, त्यात आयआयटी मुंबईच्या प्रा. दीपक फाटक यांच्या गटाने पुष्कळ सुधारणा घडवून आणल्या, त्यावर ग्नू-लिनक्स चढवण्याचेही काम तिथे झाले. तोवर बाजारात स्वस्त फोन आले होते.

लखनौने वाटप पाहिले ते लॅपटॉपचे. २०१३ च्या मार्चपासून उत्तर प्रदेश सरकारने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना एचपीचे लॅपटॉप दिले. सुरू केल्यावर पडद्यावर नेत्यांची छबी येत असे. आमच्या महाविद्यालयात त्या वर्षी आलेल्या मुलांचे पहिले तांत्रिक कौशल्य ती छबी घालवणे हेच होते. नाझा मार्केट ही इथली संगणकाच्या सुट्या भागांची पेठ. तिथल्या टेबलांवर ते लॅपटॉप मी कितीदा उघडलेले पाहिले आहेत. फुकट मिळालेल्या यंत्राचीही दुरुस्ती फुकट होत नाही.

'पहले आप' चा पेच

लखनौची एक जुनी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दोन नवाब स्टेशनवर उभे, गाडी समोर, आणि दोघेही एकमेकांना "पहले आप, पहले आप" म्हणत राहिले. गाडी निघून गेली. लिनक्सवरच्या खेळांचे वीस वर्षे हेच चालले होते. खेळ बनवणारे म्हणत, लिनक्सवर आधी गिऱ्हाईक येऊ द्या. गिऱ्हाईक म्हणे, आधी खेळ येऊ द्या.

व्हॉल्व ही 'स्टीम' नावाचे खेळांचे दुकान चालवणारी अमेरिकन कंपनी. तिने २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये 'स्टीम मशीन' नावाने लिनक्सवर चालणारे, टीव्हीला जोडायचे संगणक इतर कंपन्यांकडून बाजारात आणवले. खेळ थोडे, म्हणून गिऱ्हाईक थोडे. गाडी निघून गेली.

पेच सुटला तो तिसऱ्याच बाजूने. 'वाईन' नावाचा प्रकल्प १९९३ पासून चालू होता. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम विंडोजकडे जी मागणी करतो ती मधल्यामध्ये अडवायची आणि लिनक्सला कळेल अशी करून पुढे पाठवायची, हे त्याचे काम. त्याची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडले, म्हणजे पंधरा वर्षे लागली. खेळांच्या चित्रांसाठी विंडोजवर डायरेक्टएक्स वापरतात; तिचे भाषांतर व्हल्कन या खुल्या पद्धतीत करणारा 'डीएक्सव्हीके' हा प्रकल्प फिलिप रेबोले यांनी सुरू केला. व्हॉल्वने या प्रयत्नांना पैसा आणि माणसे पुरवली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये 'प्रोटॉन' आणला. आता खेळ बनवणाऱ्याला लिनक्ससाठी वेगळे काही करायची गरज उरली नाही. त्याला विचारायचीही गरज उरली नाही.

हार्डवेअरकडे पाहिले तर चीनमधल्या शेन्झेनच्या जीपीडी कंपनीने २०१६ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करून 'जीपीडी विन' काढला होता. साडेपाच इंची पडदा, इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर, ४ गिगाबाइट मेमरी, विंडोज १०. तो जुने खेळ चालवी, नव्यांपुढे धापा टाकी. खरा बदल एएमडीच्या रायझन चिपांनी केला. एकाच तुकड्यावर बरा प्रोसेसर आणि बरा चित्र-प्रोसेसर, आणि दोन्ही पंधरा वॅटच्या आसपास भागणारे. २०२१ मध्ये अशा चिपेवरचा 'अया निओ' आला. मग २८ फेब्रुवारी २०२२ पासून व्हॉल्वचा 'स्टीम डेक' गिऱ्हाइकांकडे पोचू लागला, सर्वांत स्वस्त रूपाची किंमत ३९९ डॉलर.

स्टीम डेकचे आकडे योकोईंना आवडले असते. चार कोअर, चित्रासाठी आठ एकके, चिपेला ४ ते १५ वॅट, पडदा सात इंची पण ठिपके फक्त १२८० बाय ८००, बॅटरी ४० वॅट-तासांची. लॅपटॉपवर १०८० रेषांचा पडदा सर्रास झालेला असताना हा पडदा मागासलेला म्हटला गेला. पण ठिपके मोजा. १२८० गुणिले ८०० म्हणजे १० लाख २४ हजार. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. दर चित्राला दुप्पट ठिपके रंगवायचे तर दुप्पट कष्ट, आणि कष्ट म्हणजे वॅट.

तक्ता पुन्हा वाचू या

२०२३ च्या जुलैमध्ये असूसचा 'आरओजी अ‍ॅलाय' भारतात अधिकृतपणे ६९,९९० रुपयांना आला. माझ्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात तो पहिल्या ओळीत होता. त्याची चिप आठ कोअरची, आणि कंपनीने सांगितलेली चित्र-क्षमता ८.६ टेराफ्लॉप. स्टीम डेकची १.६. म्हणजे पाचपट? विद्यार्थ्याने तसेच लिहिले होते.

आता मेमरीकडे पाहा. चित्र-प्रोसेसरला दर क्षणी माहिती लागते ती मेमरीतून. दोन्ही यंत्रांत मेमरीची वाट १२८ बिटांची, म्हणजे १६ बाइटची. स्टीम डेकमध्ये सेकंदाला ५५० कोटी फेऱ्या: १६ गुणिले ५.५ म्हणजे ८८ गिगाबाइट. अ‍ॅलायमध्ये ६४० कोटी फेऱ्या: १०२.४ गिगाबाइट. म्हणजे जेवणारा पाचपट, वाढणारा जेमतेम सोळा टक्के जास्त. शिवाय ८.६ हा आकडा एका वेळी दोन क्रिया लागल्या तरच खरा होतो, आणि खेळांत तसे क्वचितच जमते. अ‍ॅलाय जास्त वेगवान आहे यात शंका नाही. त्याला २५-३० वॅट दिले की फरक स्पष्ट दिसतो. दहा वॅटच्या खाली उतरलात तर दोघांतले अंतर फारसे उरत नाही.

आणि वॅट द्यायचे कुठून? समजा, चिप सोडून बाकीचे यंत्र (पडदा, साठवण, पंखा, वायफाय) मिळून ७ वॅट खाते. चिप १५ वॅटवर चालवली तर एकूण २२. बॅटरी ४० वॅट-तासांची असेल तर ४० भागिले २२, म्हणजे एक तास पन्नास मिनिटांच्या आत-बाहेर. चिप २५ वर नेली तर ३२ वॅट, सव्वा तास. ८ वर आणली तर १५ वॅट, दोन तास चाळीस मिनिटे. कंपन्यांनाही हे कळले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये स्टीम डेकचे ओलेड रूप आले त्यात बॅटरी ५० वॅट-तासांची केली, आणि २०२४ मधल्या 'अ‍ॅलाय एक्स' मध्ये ४० ची थेट ८०. प्रोसेसर जवळपास तोच ठेवून केवळ बॅटरी, मेमरी आणि बटणे सुधारलेले यंत्र नव्या किमतीला विकले गेले. चार सेलांचा धडा पुन्हा गिरवला गेला.

लखनौच्या वाचकासाठी (आणि नागपूर, अकोला, चंद्रपूरच्याही) एक हिशेब आणखी करावा लागतो. परीक्षणे वातानुकूलित खोलीत होतात. समजा, यंत्राची थंड करण्याची व्यवस्था अशी आहे की चिपेतल्या दर वॅटमागे तापमान खोलीपेक्षा २.५ अंशांनी चढते, आणि चिपेची मर्यादा ९५ अंश आहे. खोली २४ अंशांवर असेल तर चिपेला सतत २८ वॅट देता येतील. मे महिन्यात खोली ४२ अंशांवर असेल तर ९५ वजा ४२ म्हणजे ५३, भागिले २.५, म्हणजे सुमारे २१ वॅट. त्यापुढे चिप स्वतःच वेग कमी करते. जाहिरातीतले ३० वॅटचे बळ तुम्ही विकत घेतलेत, पण उन्हाळ्यात त्यातले एक तृतीयांश तुम्हाला मिळणारच नाही. या उदाहरणातले २.५ आणि ९५ हे आकडे मी धरलेले आहेत. पद्धत मात्र प्रत्येक यंत्राला लागू आहे.

लेनोवोच्या 'लीजन गो' ला ८.८ इंची, २५६० बाय १६०० चा पडदा होता, म्हणजे स्टीम डेकच्या बरोबर चौपट ठिपके. वाचायला, चित्रपट पाहायला सुंदर. नवे खेळ त्यावर पूर्ण ठिपक्यांत चालवण्याचा आग्रह धरू नये. वजनही जोडनियंत्रकांसह ८५४ ग्रॅम, अ‍ॅलायचे ६०८. अर्धा तास हात उचलून धरा, मग ठरवा.

सॉफ्टवेअर कोण सांभाळतो

२०२५ मध्ये योगायोगाने एक चांगला प्रयोग बाजारातच झाला. 'लीजन गो एस' हे एकच यंत्र विंडोज घालूनही मिळू लागले आणि व्हॉल्वचे स्टीमओएस घालूनही. व्हॉल्वबाहेरच्या कंपनीने स्टीमओएससह अधिकृतपणे विकलेले ते पहिलेच हातात धरायचे यंत्र. तुलना करणाऱ्यांना अनेक खेळांत स्टीमओएसवर वेग आणि बॅटरी दोन्ही जास्त मिळाले. विंडोजसाठी लिहिलेला खेळ भाषांतर करून चालवला तरी! कारण विंडोज मागे पुष्कळ कामे चालू ठेवते, जी खेळणाऱ्याला नको असतात. खेळ अर्ध्यावर सोडून यंत्र झोपवणे आणि तिथूनच उठवणे हे स्टीमओएसवर सहज होते. विंडोजवर ते बराच काळ बेभरवशाचे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय' आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यात डेस्कटॉप न उघडता थेट खेळांच्या पडद्यावर जाण्याची सोय दिली. वीस वर्षांपूर्वीच्या ओरिगामीला हेच हवे होते.

मग स्टीमओएसच घ्यावे का? इथे तुम्ही कोणते खेळ खेळता ते विचारावे लागते. एकट्याने खेळायचे बहुतेक खेळ प्रोटॉनवर चालतात. पण फसवणूक रोखणारी, विंडोजच्या गाभ्यात शिरणारी यंत्रणा ज्या खेळांत आहे, उदाहरणार्थ व्हॅलोरंट, तो तिथे चालत नाही. फोर्टनाइटही नाही. आणि आज चालतो तो उद्या चालेलच असे नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये 'जीटीए ऑनलाइन' मध्ये अशी यंत्रणा घातली गेली आणि स्टीम डेकवर तोवर खेळणारे एका रात्रीत बाहेर पडले. त्यांच्या यंत्रात काहीही बिघडले नव्हते.

अभ्यासाचेही तेच. पायथन, सी, वेब यांसाठी स्टीम डेकचा डेस्कटॉप पुरतो, पण त्याची मूळ प्रणाली कुलूपबंद असते आणि प्रोग्रॅम बहुधा फ्लॅटपॅकमधून घ्यावे लागतात. ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्स लागत असेल तर विंडोज लागेल. यंत्र शाखेच्या मुलांनी हे विसरू नये.

शेवटी दुरुस्ती. स्टीम डेकचे सुटे भाग परदेशात २०२२ पासून आयफिक्सिटमार्फत मिळतात, ते यंत्र उघडायलाही सोपे आहे. पण व्हॉल्व तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. इथे येतो तो आयात करणाऱ्यांमार्फत, आणि हमी देतो तो विक्रेता. या बाबतीत मी स्वतः पोळलो आहे. काही वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीचे छोटे यंत्र मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतले. सात महिन्यांत डावी काठी आपोआप सरकू लागली आणि पुढे बॅटरी फुगली. विक्रेत्याने हमी 'फक्त चार्जरवर' असल्याचे सांगितले. बिल काढून पाहिले; त्यावर यंत्राचा अनुक्रमांकच नव्हता. ते यंत्र आज प्रयोगशाळेत आहे, बॅटरी काढलेले, मुलांना उष्णतावाहक नळी दाखवायला.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाहतो. नियंत्रक काठ्या चुंबकीय संवेदकाच्या आहेत की घासणाऱ्या, घासणाऱ्या झिजतात. आणि साठवणीचा तुकडा बदलता येतो का, आला तर कोणत्या मापाचा. स्टीम डेक आणि पहिल्या अ‍ॅलायमध्ये २२३० मापाचा बसतो, अ‍ॅलाय एक्समध्ये २२८०, जो नाझा मार्केटमध्ये कुठेही मिळतो.

विद्यार्थ्याने शेवटी भारतात हमी असलेले विंडोजचे यंत्र घेतले, पडद्याचा ठिपका कमी करून खेळायचे ठरवून. त्याच्या प्रोजेक्टला विंडोज लागत होती, तिथेच प्रश्न मिटला. वसतिगृहात ते तो एका जुन्या मॉनिटरला आणि कळफलकाला जोडून वापरतो. उरलेल्या पैशांतून त्याने तेवढेच घेतले.

मे महिन्यात काही कामासाठी वसतिगृहात गेलो तेव्हा लाइट गेलेली होती. छताचा पंखा बंद, खोली भट्टीसारखी. तो खिडकीत बसून खेळत होता. मी विचारले, किती वॅटवर? "सर, दस पे लॉक किया है, चालीस फ्रेम." दहा आणि सात सतरा, चाळीस भागिले सतरा. मी मनातल्या मनात दोन तास वीस मिनिटे म्हटले. लाइट त्याच्या आधी आली.